तापातली आकडी

काल पहाटे लेकीला आकडी आली. दीड वर्षाची आहे. अंग भट्टीसारखं तापलेलं, डोळे वर गेलेले, हातपाय ताठ आणि मग थडथड उडायला लागले. सासूबाई कांदा घेऊन धावल्या, शेजारच्या काकू म्हणाल्या तोंडात चमचा घाल. मी दोन्ही नाही केलं. तिला कुशीवर वळवलं आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिले. दोन मिनिटं. आयुष्यात एवढी लांब दोन मिनिटं पाहिली नव्हती.

डॉक्टरांना पहिला प्रश्न हाच, मेंदूला काही इजा? ते म्हणाले, अशा छोट्या आकडीने मेंदू बिघडत नाही, बुद्धीवरही परिणाम होत नाही. ६ महिने ते ५ वर्षं या वयात हे होतं. मात्र साधारण तिघांपैकी एका मुलाला पुन्हा येते, आणि पहिली आकडी दीड वर्षाच्या आत आली तर शक्यता जास्त. पुढे अपस्माराचा धोका किंचितच वाढतो. १५ मिनिटांहून लांबली, एकाच बाजूला आली किंवा २४ तासांत पुन्हा आली, तर मात्र प्रकरण वेगळं, तपासण्या लागतात. ५ मिनिटांत थांबली नाही तर थेट दवाखाना गाठायचा.

पॅरासिटामॉलने तापाचा त्रास कमी होतो, आकडी टळतेच असं नाही, हे मला नवीन होतं. मी रात्री डोस चुकला म्हणून स्वतःला कोसत होते.

आत्ता ती माझ्या मांडीवर झोपलीय. दर थोड्या वेळाने कपाळाला हात लावून बघतेय.