दोन पांढऱ्यांतून हवा तो पांढरा: ट्यूनेबल एलईडी पट्टी जुळवताना

छताच्या कडेला लावायला मी २४ व्होल्टची ट्यूनेबल व्हाइट, म्हणजे पांढऱ्याची छटा बदलता येणारी, पट्टी घेतली. तिच्यावर २७०० केल्विनचे (वॉर्म, पिवळसर) आणि ६५०० केल्विनचे (कूल, निळसर) एलईडी आळीपाळीने बसवलेले असतात. वायरी तीन: सामायिक प्लस आणि दोन चॅनेलचे, म्हणजे दोन पांढऱ्यांचे, दोन मायनस. कंट्रोलर हे मायनस वेगाने चालू-बंद करतो (पीडब्ल्यूएम). कोण किती वेळ चालू, यावर मिश्रण ठरतं.

खरेदी करताना नुसत्या केल्विनवर जाऊ नये. ४००० केल्विनचे दोन दिवे शेजारी लावले तर एक हिरवट आणि दुसरा गुलाबीसर दिसू शकतो. काळी वस्तू तापत जाताना ज्या रंगांतून जाते त्या रंगरेषेपासून प्रकाश किती ढळलाय, हे केल्विन सांगतच नाही. ते डीयूव्ही हा आकडा सांगतो: अधिक म्हणजे हिरव्याकडे, उणे म्हणजे गुलाबीकडे. म्हणून सगळी रीलं एकाच बिनची (कारखान्यात रंगानुसार केलेल्या एकाच गटातली) आणि ३ एसडीसीएमच्या (रंगफरकाचं माप) आतली मागितली. सीआरआयसोबत (उजेडात वस्तूंचे रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) आर९ही, म्हणजे गडद लालचा आकडाही, विचारा. सीआरआय ही पहिल्या आठ फिक्या नमुन्यांची सरासरी असते, गडद लाल त्यात धरलेलाच नसतो.

दोन्ही चॅनेलचा उजेड निम्मा-निम्मा केला की ४६०० यावेत असं वाटतं. येतात सुमारे ४०००, तेही किंचित गुलाबी. कारण रंगनकाशावर दोन रंगांचं मिश्रण सरळ रेषेवर पडतं आणि काळ्या वस्तूची रेषा त्याच्या वरून कमानीसारखी जाते. दोन चॅनेलवर याला इलाज नाही. फारच खटकत असेल तर मधल्या रंगाचा, जरा हिरवट असा तिसरा चॅनेल असलेली पट्टी घ्यावी लागते.

खरी कसोटी मंद उजेडात लागते. डोळ्याला उजेड सरळ प्रमाणात जाणवत नाही, म्हणून कंट्रोलर गॅमा लावतो, म्हणजे उजेडाच्या आकड्याचा घात घेतो, बहुधा २.२ चा. तो दोन्ही चॅनेलना वेगवेगळा लावला तर ७०:३० चं ८७:१३ होतं आणि मंद न करताच रंग सरकतो. आधी एकूण उजेडाला गॅमा, मग प्रमाणात वाटणी, हा क्रम पाळायचा. शिवाय स्लायडर १० टक्क्यांवर आणला की पट्टी प्रत्यक्ष चालू राहते ०.६ टक्के वेळ, म्हणजे ८ बिटच्या कंट्रोलरकडे असलेल्या उजेडाच्या २५५ पायऱ्यांपैकी जेमतेम दीड. पदरात दोन पायऱ्या असतील तर दोन्ही वॉर्म, दोन्ही कूल किंवा एकेक, एवढेच पर्याय! रंग झटके देत बदलतो तो यामुळे. १६ बिटला तिथेच चारशेवर पायऱ्या मिळतात. मी कंट्रोलर तसाच निवडला.

पाच मीटरपुढे पट्टीला दोन्ही टोकांनी वीज द्यावी, नाहीतर शेवट मंदावतो. आरजीबी (लाल-हिरवा-निळा) पट्टीत तर तो लालसरही होतो, कारण निळ्या-हिरव्याला जास्त व्होल्टेज लागतं आणि घट आधी त्यांनाच बसते. रंग मोजायचा मीटर लावायचा तो पट्टी अर्धा तास चालून गरम झाल्यावरच. थंड एलईडीचं माप पुढे टिकत नाही.