डावीकडचा शेवटचा ढोल

मी डावखुरा. वर्गात त्याचं कुणाला सोयरसुतक नव्हतं. बाकावर शेजारच्याला कोपर लागायचं, एवढंच. शाळेच्या ढोल पथकात मात्र तो प्रश्न होऊन बसला. बाकीच्यांच्या उजव्या हातात टिपरू, म्हणजे ढोल वाजवायची काठी, आणि डाव्या हाताची थापी. मी रांगेत मधे उभा राहिलो की माझं टिपरू डावीकडच्याच्या टिपरूवर खणकन आपटायचं. "हात बदल रे, होईल सवय," असं मोठी मुलं म्हणायची. सरांनी मला दंडाला धरून रांगेच्या पार डाव्या टोकाला नेलं. तिथं माझं टिपरू मोकळ्या बाजूला आणि माझ्या थापीशेजारी उजवीकडच्या मुलाची थापी. "आता वाजव मनसोक्त. ठोका तेवढा मागेपुढे नको." प्रश्न मिटला.

ताशावर आमच्याच वर्गातला एक जण होता. मनगट असं फिरायचं की काड्या दिसायच्याच नाहीत. पण एकच हात, म्हणजे ठेका, दोनदा सारखा वाजवायचा त्याला कंटाळा. ठेका बदलायचा इशारा ताशानं द्यायचा असतो, आणि हा पठ्ठ्या नेमकी त्या इशाऱ्यातच नक्षी काढायचा. मग पुढची रांग नव्या हातावर, मागची अजून जुन्यावर.

सर विज्ञान शिकवायचे. त्यांनी मैदानावरच हिशेब मांडला. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो; म्हणजे ताशापासून 34 मीटर मागं असलेल्याला ठोका सेकंदाच्या दहाव्या हिश्शानं उशिरा पोचतो. द्रुत लयीत तेवढ्यानं सगळा विचका होतो. त्यात पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर दोन्हीकडच्या इमारतींवरून आवाज उलटा येतो तो वेगळाच. तेव्हा मागच्यांनी कानावर विसंबायचं नाही, काड्यांकडे बघायचं. आणि ताशेवाल्यानं इशाऱ्याआधी दोन्ही काड्या डोक्यावर न्यायच्या, इशारा साधा, दर वेळी तोच. ढोल थांबतील तेवढ्या जागेत त्यानं हवं ते वाजवावं.

स्वारी काही दिवस फुगून होती. तेव्हा ताशाला चामड्याचं पान असायचं, पावसानं सैल पडलं की शेकावं लागायचं. तो एकटाच शेकोटीपाशी बसून राही. विसर्जनाच्या मिरवणुकीत बेलबाग चौकात ढोल थांबले आणि त्यानं तर्री, म्हणजे काड्यांची सलग थरथर, धरली. आधी इतकी बारीक की गर्दीच गप्प झाली, मग चढत चढत वर. एकदम काड्या डोक्यावर, आणि शेवटच्या रांगेपर्यंत सगळे ढोल एका ठोक्यात पडले. एरवी कौतुकात हात आखडता घेणारे सर त्या दिवशी शिट्टी वाजवत होते!

हल्लीच्या मोठ्या पथकांत ताशांचीच लांब रांग असते. सराव चोख असतो, चूक सापडत नाही. मला मात्र ते फारसं रुचत नाही. सगळ्यांची तर्री एकाच साच्यातली. आमच्या त्या मित्राचा ताशा बघावा लागायचा नाही. दुसऱ्या गल्लीत उभं राहिलं तरी कळायचं, आपली शाळा आली.