काम सोपवताना : माझा अनुभव

काम वाटून देणं आणि काम सोपवणं यांत फरक आहे. सोपवायचं म्हणजे त्या कामातले निर्णयही द्यायचे, आणि नेमके तेच हातातून सुटत नाहीत.

काय सोपवायचं हे ठरवताना मी आधी हिशेब मांडतो. समजा, आठवड्याचा अहवाल करायला मला दोन तास लागतात. तो शिकवायला सहा तास आणि पुढचे चार आठवडे तपासायला अर्धा-अर्धा तास, असे आठ तास गेले. त्याच चार आठवड्यांत माझे आठ तास वाचलेही. म्हणजे पाचव्या आठवड्यापासून वेळ हाताशी राहू लागतो. एकदाच करायच्या कामात असा वेळ वाचत नाही, पण माणूस तयार होतो. मला तेवढं कारण पुरतं. पगार, मूल्यमापन आणि दोघांमधला तंटा मात्र मी स्वतःकडेच ठेवतो.

काम देण्याआधी अर्ध्या पानावर लिहून काढतो: शेवटी हातात काय हवं, कधी हवं, कोणते निर्णय न विचारता घ्यायचे आणि कोणते विचारून. निर्णयांच्या या दोन याद्या करायलाच खरा वेळ लागतो. ‘योग्य वाटेल ते करा’ यात विश्वास दिसतो, पण हद्द कळत नाही. मग कुणी बारीकसारीक गोष्टही विचारत राहतं, तर कुणी परस्पर ग्राहकाला शब्द देऊन मोकळं होतं. म्हणून स्पष्ट लिहायचं: मजकूर आणि मांडणी तुम्ही ठरवा, तारीख हलवायची किंवा खर्च वाढवायचा असेल तर आधी विचारा.

पान वाचून झाल्यावर ‘समजलं ना?’ असं विचारून उपयोग नाही, उत्तर ‘हो’च येतं. ‘सुरुवात कुठून कराल?’ असं विचारलं की गैरसमज लगेच बाहेर पडतो.

इतर विभागांनाही त्याच दिवशी कळवायचं की या कामाचे निर्णय आता अमुक व्यक्ती घेईल. हे राहिलं तर सगळे जुन्या सवयीने आपल्याकडेच येतात. आपण उत्तर देतो आणि ज्याला काम दिलं त्याचा अधिकार तिथेच संपतो.

दहा दिवसांचं काम असेल तर पहिली तपासणी दुसऱ्या दिवशी. तेव्हा दिशा बदलायला फारसा खर्च येत नाही. पाचव्या दिवशी पाहिलं तर निम्मं काम मोडावं लागतं, किंवा मोडवत नाही म्हणून तसंच पुढे ढकललं जातं. मुदतही खऱ्या तारखेच्या दोन दिवस आधीची देतो, आणि ती आधीची का आहे हेही सांगतो. ते दोन दिवस दुरुस्तीचे. दुरुस्ती मी करत नाही. शेरे लिहून काम परत देतो. आपणच गुपचूप नीट करून टाकलं तर समोरच्याला चूक कळत नाही आणि पुढच्या वेळी तीच पुन्हा येते.

मधेच कुणी ‘आता काय करू?’ म्हणत आलं, तर दोन पर्याय आणि त्यातला स्वतःला पटणारा कोणता, हे घेऊन यायला सांगतो. तातडीची अडचण असेल तेव्हा मात्र हा आग्रह धरू नये, सरळ मदत करावी.

काम पूर्ण झालं की वरिष्ठांपुढे ते ज्याने केलं त्यानेच मांडायचं. आणि पुढचं पान लिहिताना एखाददुसरा निर्णय ‘विचारून’च्या यादीतून ‘न विचारता’च्या यादीत घ्यायचा.