तुम्ही विचारलंत म्हणून : सगळ्या देशाला एकच माप लागलं, तर तुमच्या मुलीचं काय?

लग्नकार्यात, सोसायटीच्या गच्चीवर, दातांच्या डॉक्टरकडे रांगेत बसलेलं असताना. आमची मुलगी शाळेत जात नाही, घरी शिकते, हे कळलं की प्रश्न येतोच. पूर्वी तो ‘मग हिला मैत्रिणी कशा मिळणार?’ असा असायचा. गेल्या काही वर्षांत बदललाय. “नवं शैक्षणिक धोरण आलंय ना, आता सगळ्या देशाला एकच माप लागणार म्हणे. मग हिचं काय? भीती नाही वाटत?”

वाटते. नेमकी कशाची, ते सांगेपर्यंत डॉक्टरांकडून आपलं नाव पुकारलं जातं, म्हणून इथे लिहिते.

लेकीला तेरावं चालू आहे. बालवाडीचे चार महिने सोडले तर ती शाळेत गेलेली नाही. का, हा वेगळा विषय. त्यावर मी नातेवाइकांशी भांडून दमले आहे. पण आमच्यासारख्या लोकांना अभ्यासक्रम, मापदंड, परीक्षा असं सगळंच नको असतं, हा एक मोठा गैरसमज आहे. त्या धोरणावर आधारलेला 2023 चा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा मी वाचलाय. तो जाडजूड आहे, आणि पुष्कळसा पटण्यासारखा आहे. घोकंपट्टी कमी करा, मुलांना करून बघू द्या, लहानपणी घरच्या भाषेत शिकवा. नवरा वाचता वाचता म्हणाला, “अगं, हे तर आपण करतोय!” मग पुढे इयत्तावार अपेक्षा लागल्या आणि तो गप्प झाला.

कारण माप नुसतं ‘काय’ यावं एवढंच सांगत नाही, ‘कधी’ यावं हेही सांगतं.

2021 च्या दिवाळीतली गोष्ट. अण्णा, म्हणजे माझे सासरे, जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले. त्या वर्षी जुलैत ‘निपुण भारत’, म्हणजे लहान मुलांना वाचता-लिहिता आणि हिशेब करता यावा यासाठीचं सरकारी अभियान, सुरू झालं होतं आणि त्याची उद्दिष्टं त्यांच्या निवृत्त शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरत होती. त्यातलं एक असं, की तिसरीच्या अखेरीस मुलाला मिनिटाला किमान 60 शब्द, अर्थ समजून, वाचता आले पाहिजेत. लेक तेव्हा साडेआठ वर्षांची, म्हणजे हिशेबाने तिसरीतलीच. फराळाच्या ताटल्या उचलून झाल्या, अण्णांनी मोबाइलवर एक मिनिट लावलं आणि एक सोपासा उतारा तिच्यापुढे ठेवला.

बोट ठेवून ठेवून वाचत ती ‘ओंजळ’पाशी आली आणि थांबली. तळहात जुळवून बघितले. “आजोबा, आजी याला पसा म्हणते ना? मग दोन-दोन शब्द कशाला?” घड्याळ पळतच होतं. अण्णा हाडाचे शिक्षक, प्रश्न आला की त्यांना राहवत नाही. त्यांनी धान्याचा डबा मागवला आणि पसाभर दाणे, ओंजळभर पाणी असं सुरू केलं. एक मिनिट झाल्याची घंटा वाजली तेव्हा परीक्षक आणि विद्यार्थिनी दोघांचे हात डब्यात होते. शब्द झाले होते 23.

हसले सगळे. पण रात्री अण्णा नवऱ्याला हळूच म्हणाले, “पोर मागे आहे रे.” मी स्वयंपाकघरात होते, ते मला ऐकू आलं.

दुसऱ्या दिवसापासून मी रोज अर्धा तास तिला वाचायला बसवायला लागले. तीन आठवड्यांत ती पुस्तक दिसलं की बाथरूममध्ये जाऊन बसायची. मग थांबवलं. डोळे तपासले, वाचनात काही खरीच अडचण आहे का याचीही तपासणी करून घेतली. (ती करावीच. ‘येईल आपोआप’ म्हणत वर्षं घालवणारे होमस्कूलिंगवाले मला माहीत आहेत, आणि त्यांचं मला मुळीच कौतुक नाही.) काही निघालं नाही. पुढच्या पावसाळ्यात तिच्या हाती सापांवरचं एक पुस्तक लागलं आणि ते माझ्याकडून वाचून घेण्याइतका धीर तिला राहिला नाही. एवढंच झालं. श्रेय घ्यायला मी हात वर केला असता, पण मी तेव्हा काहीच करत नव्हते.

ही गोष्ट मी अण्णांसमोर एकदा जरा विजयी सुरात सांगितली. त्यांनी ऐकून घेतली. मग म्हणाले, “माझ्या शाळेत पाचवीतली पोरं जोडाक्षर आलं की धडा सोडून माझ्या तोंडाकडे बघायची. त्यांच्या घरी सापांचं पुस्तक नव्हतं. त्यांच्यासाठी कुणीतरी साठ शब्द मोजायलाच हवे होते.” याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. राष्ट्रीय माप लागतं ते सरकारला जाब विचारता यावा म्हणून, आणि ते लागलंच पाहिजे. ते व्यवस्थेला लावायचं सोडून एकेका पोराच्या पाठीला लावलं की माझा जीव घाबरा होतो.

आता दुसरी भीती. ही जास्त रूक्ष आहे, पण रात्री झोप उडवते ती हीच.

शिक्षण हक्क कायदा 2009 चा, लागू झाला 1 एप्रिल 2010 ला. त्याच्या कलम 10 नुसार आपल्या मुलाला शेजारच्या शाळेत दाखल करणं किंवा करवणं हे प्रत्येक पालकाचं कर्तव्य आहे. न घातल्यास पालकाला शिक्षा मात्र त्यात सांगितलेली नाही. आम्ही राहतो ते या दोन वाक्यांच्या मधल्या फटीत. घरी शिकण्याचा हक्क या कायद्यात आला तो 2012 च्या दुरुस्तीने, आणि तोही तीव्र किंवा बहुविध अपंगत्व असलेल्या मुलांसाठी. एका सरकारी कार्यालयात दाखल्यासाठी गेले होते, तेव्हा तिथल्या बाईंनी अगदी मायेने विचारलं, “काय त्रास आहे हो तिला?” त्यांचं काही चुकलं नव्हतं. त्यांच्या नियमात बसणारी दुसरी मुलगीच नव्हती.

मोठ्या परीक्षांना वाट आहे. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे एनआयओएस, 1989 पासून आहे. 14 वर्षं पूर्ण झाली की दहावीला बसता येतं, वर्षातून दोनदा परीक्षा होते, मराठी माध्यमही आहे. बाहेरून परीक्षेला बसण्यासाठी आपल्या राज्य मंडळाचा 17 नंबरचा फॉर्म आहेच. मग भीती कसली, असं तुम्ही म्हणाल.

ही वाट मध्येच कधी बंद होईल त्याचा नेम नाही, ही. 2018 साली ‘नीट’च्या, म्हणजे वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या, सूचनापत्रात मुक्त विद्यालयातून बारावी झालेल्या मुलांना अपात्र ठरवलं होतं. दिल्ली उच्च न्यायालयाने त्याच वर्षी मे महिन्यात ती अट रद्द केली. म्हणजे कुणाचं तरी पोर दोन वर्षं अभ्यास करतं, आणि आपण पात्र आहोत की नाही हे त्याला कोर्टाकडून कळतं. वाद पुढे सर्वोच्च न्यायालयात गेला, तो काही वर्षं रेंगाळला. माझ्या लेकीला डॉक्टर व्हायचं नाही. सध्या तरी सापांचंच काहीतरी करायचंय. पण ते कुठल्या परीक्षेतून जातं आणि त्या परीक्षेचं पत्रक पाच वर्षांनी काय म्हणेल, हे मी तिला कुठल्या तोंडाने सांगू?

आणि आता ‘परख’. 2023 साली एनसीईआरटीत, म्हणजे शालेय शिक्षणाच्या केंद्रीय संस्थेत, उभं राहिलेलं हे केंद्र. देशातल्या सगळ्या शिक्षण मंडळांच्या मूल्यमापनाला एक समान चौकट देणं हे त्याचं काम. 2024 साली या केंद्राने अहवाल दिला, त्यात एक शिफारस आहे. बारावीचा निकाल फक्त बारावीवर नको. नववीचे 15 टक्के, दहावीचे 20, अकरावीचे 25 आणि बारावीचे 40, असा मिळून लावा.

शाळेतल्या मुलाच्या आईला हे वाचून कदाचित हायसं वाटेल. एका परीक्षेचा ताण चार वर्षांत वाटला गेला, चांगलंच आहे की. मी मात्र कागद घेऊन बेरीज केली. नववी आणि अकरावी मिळून 40 टक्के. आमच्या घरात या दोन इयत्ता नाहीतच. नववीतल्या वयाची मुलगी असेल, नववीचा अभ्यासही असेल, पण त्यावर शिक्का मारणारं कुणी नसेल. अजून ही शिफारसच आहे, आणि मुक्त विद्यालयाच्या मुलांसाठी उद्या वेगळी तरतूद होईलही. पण अशी तरतूद कुणीतरी लक्षात ठेवून करावी लागते. मोठी चौकट आखताना आमच्यासारखी मूठभर घरं लक्षात राहत नाहीत. वाईट हेतू नसतो, आठवण नसते इतकंच. ‘अपार’ नावाचा 12 अंकी विद्यार्थी क्रमांक निघाला तेव्हाही तेच. तो काढायचा शाळेमार्फत. शाळा नसेल तर काय, हे विचारायला मी कुठल्या खिडकीपाशी उभी राहू?

एवढं बोलून झाल्यावर एक कबुलीही द्यायला हवी, नाहीतर हे सगळं एकतर्फी होईल.

गेल्या वर्षी मी उगाच म्हणून सहावीच्या अध्ययन निष्पत्ती, म्हणजे त्या इयत्तेत काय काय यावं याची सरकारी यादी, उघडल्या आणि गणिताच्या यादीवरून तिला तोंडी प्रश्न विचारत गेले. अपूर्णांक पक्के होते. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा हे तर आम्ही भाकरीपासून कापडापर्यंत सगळीकडे केलेलं. मग विचारलं, “0.5 मोठे की 0.25?” ती ताडकन म्हणाली, “0.25. पंचवीस मोठे ना!” मला वाटलं गंमत करतेय. नव्हती करत. मग शोध घेतला. दशांश आम्ही शिकलो होतो ते फक्त पैशांतून. साडेबारा रुपये म्हणजे 12.50. पैशांत टिंबानंतर नेहमी दोन आकडे असतात, त्यामुळे एक आकडा आणि दोन आकडे शेजारी येऊन उभे राहण्याची वेळच तिच्यावर कधी आली नव्हती. ‘जगण्यातून गणित’ म्हणून मी ज्याचा मिरवून मिरवून उल्लेख करायचे, त्याच पद्धतीत बरोब्बर एवढं भोक राहून गेलं होतं. ते दाखवलं सरकारी यादीने. मोजपट्टीवर 0.5 मीटर आणि 0.25 मीटर दाखवून काम दहा मिनिटांत झालं, पण ती यादी उघडली नसती तर ते कधी कळलं असतं कोण जाणे.

म्हणून आता मी यादी ठेवते. दर तीन-चार महिन्यांनी काढून बघते, पेन्सिलने खुणा करते, तारीख घालत नाही. नवऱ्याचं म्हणणं, तारीख घाल, उद्या कुणी मागितलं तर पुरावा होईल. त्याचंही बरोबर आहे. सध्या यादीवर तारीख नाही आणि फाइलमधल्या तिच्या कामावर आहे, अशी तडजोड चालू आहे. फाइल चांगली जाड झालीय. तिच्या नववीच्या वर्षाची जागा मी आत्तापासूनच रिकामी ठेवलीय, ते 15 टक्के कुठे आणि कुणापुढे मांडायचे ते ठरेल तेव्हा ठरेल.

14 पूर्ण झाले की एनआयओएसचा फॉर्म भरायचा, इथपर्यंत घरात सगळ्यांचं ठरलंय. किमान पाच विषय लागतात. मराठी, इंग्रजी, गणित आणि विज्ञान हे तिने स्वतः सांगितले. पाचवा चित्रकला घ्यायचा म्हणतेय, सापांची चित्रं काढायला. अण्णा सामाजिक शास्त्रांवर अडून बसलेत. परवा फोनवर दोघांचं चाळीस मिनिटं चाललं होतं, आणि शेवटी अण्णांनीच विचारलं, “बरं, चित्रकलेचा पेपर असतो किती मार्कांचा?”