टेलिस्क्रीन कोणाच्या घरी नव्हता

सरकारी पाळतीचा विषय निघाला की कोणीतरी लगेच जॉर्ज ऑर्वेलचं नाव काढतंच, त्याच्या '१९८४' कादंबरीतला सगळ्यांवर नजर ठेवणारा हुकूमशहा बिग ब्रदर, घरातलं सगळं बघणारा-ऐकणारा भिंतीवरचा टेलिस्क्रीन, आणि मग आधार, फास्टॅग, सीसीटीव्ही अशी यादी लागते आणि शेवटी सगळे "तेच चाललंय बघ आता" म्हणून मोकळे होतात. मला ही तुलना अर्धवट वाटते. कादंबरी १९४९ ची, मी हल्लीच परत वाचली आणि या वेळी एका गोष्टीपाशी अडकले, जिच्याबद्दल आपल्याकडे फारसं बोललं जात नाही.

कादंबरीतल्या देशात टेलिस्क्रीन सगळ्यांच्या घरी नाहीचे. तो आहे सत्ताधारी पार्टीच्या लोकांकडे, म्हणजे मिनिस्ट्रीत बसून जुन्या बातम्या बदलणाऱ्या, कादंबरीचा नायक विन्स्टन याच्यासारख्या नोकरदारांकडे. उरलेली ८५ टक्के जनता, अंगमेहनतीची कामं करणारी, जिला तिथे प्रोल म्हणतात, त्यातल्या बहुतेकांच्या घरी स्क्रीनच नाही. पार्टीचं म्हणणं, यांच्यापासून कसला धोका, हे काय विचार करणार. थॉट पोलिसांची, म्हणजे मनातल्या विचारांवर पाळत ठेवणाऱ्या पोलिसांची माणसं त्यांच्यात फिरतात, एखादा जड जाईल असं वाटलं तर त्याला संपवतात, बाकीच्यांकडे ढुंकून बघत नाहीत. म्हणजे पाळतीची सगळी भीती ही ऑफिसात जाणाऱ्या, डायरी लिहिणाऱ्या शिकलेल्या माणसाची भीती आहे. त्याआधीच्या, झाम्यातिन या रशियन लेखकाच्या 'वुई' कादंबरीत तर घरंच काचेची, सगळ्यांचीच, आणि पडदा सोडायचा तर गुलाबी तिकीट लागतं. तिथे निदान सगळे सारखेच उघडे.

आता मुंबईत बघा, कोणावर सगळ्यात जास्त नजर आहे?

आमच्या सोसायटीत गेटसाठी ॲप आहे, तुमच्याकडेही असेलच. कामाला येणाऱ्या मावशी गेटवर आपला नंबर सांगतात, वॉचमन टाकतो, आणि त्या ज्या ज्या घरी काम करतात त्या सगळ्यांच्या फोनवर टिंग वाजतं. आल्या कधी, गेल्या कधी, महिन्यात किती खाडे, सगळं कॅलेंडरवर. वर स्टार देता येतात, आणि ते बाकीच्या फ्लॅटवाल्यांनाही दिसतात. मावशींना स्वतःला यातलं काहीच दिसत नाही. आमच्या मावशी या बिल्डिंगमध्ये चार घरं करतात. पूर्वी दोन घरांच्या मध्ये जिन्यात बसून डबा खायच्या, दहा मिनिटं पाय मोकळे करायच्या. ॲप आल्यावर एका बाईंनी विचारलं, "साडेनऊला आत आलात ना, मग माझ्याकडे दहाला कशा?" तेव्हापासून त्या डबा गेटच्या बाहेर फुटपाथवर बसून खातात. मी म्हटलं, मावशी माझ्या घरी बसून खा ना. तर म्हणाल्या, "नको ताई, आत आलं की घड्याळ चालू होतं."

विन्स्टनच्या खोलीत एक कोनाडा असतो, टेलिस्क्रीनला न दिसणारा, तिथे बसून तो डायरी लिहितो. त्या कोनाड्याबद्दल लोकांनी पानंच्या पानं लिहिलीत. मला आता तो वाचताना फुटपाथच दिसतो.

तुम्ही म्हणाल ही सोसायटी झाली, सरकार कुठे आलं यात. सरकारही नेमकं असंच वागतंय. नागपूर आणि चंदीगडमध्ये सफाई कामगारांच्या हातात जीपीएसची घड्याळं बांधली गेली, कुठे थांबलात, किती वेळ थांबलात ते ऑफिसात बसून बघायला. ती घड्याळं मोठ्या साहेबांच्या हातात बांधल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. रोजगार हमीच्या मजुरांचा दिवसातून दोनदा फोटो काढून हजेरी लावायचं ॲप १ जानेवारी २०२३ पासून सक्तीचं झालं, फोटो चढला नाही तर मजुरी अडकणार. लाडकी बहीणची ई-केवायसी २०२५ मध्ये सुरू झाली तेव्हा बाईच्या स्वतःच्या आधारवर भागलं नाही, नवऱ्याचं नाहीतर वडिलांचंही आधार लागलं, आणि ज्यांचा नवरा सोडून गेलाय, वडीलही नाहीत त्या बायकांनी काय करायचं हा प्रश्न मग नंतर आला.

कॅमेऱ्यांबद्दल मात्र मी सरसकट विरोधात नाहीये. शहरभर सीसीटीव्ही लावायचा विषय २६/११ नंतर पुढे आला, राम प्रधान समितीने सांगितलं होतं, आणि २०१६ पर्यंत मुंबईत साडेचार हजारांहून जास्त कॅमेरे लागले. रात्री उशिराच्या लोकलने एकटी येते तेव्हा डब्यात कॅमेरा असलेला मला हवाच असतो. पण तो रस्त्यावरचा, डब्यातला कॅमेरा सगळ्यांकडे बघतो, मंत्री असो की भाजीवाला. मला खुपतो तो एकाच माणसाच्या मागे लागलेला, ज्याच्यावर त्याची मजुरी किंवा रेशन अवलंबून आहे असा डोळा.

आणि कायदा? तोही आहेच की. २४ ऑगस्ट २०१७ ला सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं की खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे. त्याच्या जोरावर २०१९ मध्ये आपल्याच मुंबई हायकोर्टाने एका व्यावसायिकाचे फोन टॅप करायचे आदेश रद्द केले, रेकॉर्डिंग नष्ट करायला लावली. मला तो निकाल फार महत्त्वाचा वाटतो. पण तिथपर्यंत पोचायला वकील लागतो, पैसा लागतो, सुट्टी लागते. ज्या बाईचा एक खाडा कॅलेंडरवर लाल होतो ती हायकोर्टाच्या पायऱ्या कधी चढणार?

आपण आवाज केला की काय होतं तेही बघितलंय आपण. २०२५ च्या शेवटी प्रत्येक नवीन फोनमध्ये संचार साथी हे सरकारी ॲप आधीपासून टाकायचा आदेश निघाला, बातमी बाहेर आली तसा दोन-तीन दिवस टीव्हीवर, ट्विटरवर, संसदेत नुसता गदारोळ, आणि सरकारने सक्ती मागे घेतली. चांगलंच झालं. पण २०२३ मध्ये रोजगार हमीचे मजूर दिल्लीत जंतरमंतरवर दिवसेंदिवस धरणं धरून बसले होते, ते हजेरीचं ॲप बंद करा ही त्यांची एक मागणी होती, ॲप बंद झालं नाही. आपल्यातल्या किती जणांनी ती बातमी शेअर केली? ऑर्वेलने टेलिस्क्रीनसमोर विन्स्टनला बसवलं, इथे विन्स्टनच्या हातातच फोन आहे आणि दुसऱ्या बाजूला मावशी आहेत, आणि पाळतीबद्दल लिहिताना हे सोडून लिहिलं तर ते लिहिणं मला खोटं वाटतं.

तर पुढच्या महिन्यात आमची वार्षिक सभा आहे आणि मी सेक्रेटरींना लेखी पत्र दिलंय. कामाला येणाऱ्या बायकांची नोंद फक्त गेटपुरती ठेवा, फ्लॅटवाल्यांच्या फोनवर वेळा पाठवणं बंद करा, स्टार काढून टाका, जुना डेटा किती दिवस ठेवताय ते बोर्डावर लावा, आणि खालच्या वॉचमनच्या खोलीशेजारची जागा त्यांना बसायला द्या, बाथरूमसकट. सेक्रेटरी म्हणाले ॲपवाल्यांना विचारायला लागेल. मी म्हटलं विचारा, पण बसायच्या जागेसाठी त्यांना विचारायला लागणार नाही. तुमच्या सोसायटीत असा ठराव कोणी पास करून घेतला असेल तर मला कळवा, मजकूर कसा लिहिलात तेही पाठवा, सभेला अजून वेळ आहे.