दगडाने वाकवलेली पिकअप: आधी मोजमाप, मग दुरुस्ती, मग हौस

कोरड्या ओढ्याच्या पात्रात उतरताना पिकअपचं पुढचं डावं चाक दगडावरून घसरलं आणि सगळं वजन लोअर आर्मवर, म्हणजे चाक चासीला खालून धरणाऱ्या दांड्यावर, आदळलं. गाडी बंद पडली नाही. पण सरळ जायचं तर स्टिअरिंग तिरकं धरावं लागत होतं, आणि मागून येणारा मित्र म्हणाला, ‘अरे, तुझी गाडी खेकड्यासारखी चालतेय.’ पुढे काहीतरी वाकलंय हे मला कळलंच होतं. मागेही गडबड आहे हे त्याच्यामुळे कळलं.

अशा वेळी ‘उघडलीच आहे तर उचलूनही घेऊ’ म्हणून लिफ्ट किट (गाडीची उंची वाढवणारे पार्ट) मागवायचा मोह सगळ्यांनाच होतो. पण चासी, म्हणजे गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा, वाकलेली असेल, तर तिच्यावर कितीही महागाचं सस्पेन्शन चढवा, अलाइनमेंट (चाकांचे कोन) बसत नाही आणि गाडी टायर खात राहते. म्हणून ठरवलं, मोजमाप होईपर्यंत एकही पार्ट मागवायचा नाही. मिस्त्रीही त्याच मताचे निघाले. त्यांचं पहिलं वाक्य होतं, ‘आधी खालून धुऊन आणा.’ ते बरोबरच होतं, कारण चिखलाखाली तडा दिसत नाही.

पिकअपमध्ये केबिन आणि हौदा हे दोन वेगवेगळे भाग चासीवर बोल्टने बसवलेले असतात. त्यामुळे दोघांमधली फट बघूनच बरंच काही कळतं. फट वर अरुंद आणि खाली रुंद, किंवा उलट, दिसली तर चासी मधेच वाकल्याचा संशय घ्यायचा. माझी फट वरपासून खालपर्यंत सारखी होती. तरी मिस्त्रींनी ओळंबा काढला. चासीवर दोन्ही बाजूंना कंपनीने ठेवलेली समोरासमोरची भोकं असतात. एकेका भोकातून ओळंबा सोडायचा, फरशीवर खडूने खूण करायची, असं करत त्यांनी पुढून मागपर्यंत खुणा केल्या. मग गाडी ढकलून बाजूला घेतली आणि खुणांचे कर्ण टेपने मोजले. चौकोन सरळ असेल तर दोन्ही कर्ण सारखे यायला हवेत. ते जवळजवळ सारखे आले. मोठं संकट टळलं होतं.

लहान संकट मात्र लोअर आर्मच्या ब्रॅकेटपाशी होतं. ब्रॅकेट थोडं आत दबलं होतं आणि चासीला जिथे वेल्ड केलेलं असतं तिथला रंग बारीक फुटला होता. नुसता रंग गेलाय की लोखंडही, हे डोळ्यांनी सांगता येईना. मिस्त्रींनी जागा घासून साफ केली, लाल डाय फवारली, थोडा वेळ मुरू दिली, पुसून घेतली आणि वरून पांढरा डेव्हलपर मारला. बघता बघता त्या पांढऱ्यावर केसाएवढी लाल रेघ उमटली. तडाच होता. नुसती वरून वेल्डिंगची माळ ओढून भागणार नव्हतं. तड्याच्या टोकाला बारीक भोक पाडून तो तिथेच थांबवला, खाच करून आतपर्यंत वेल्ड भरलं, आणि दबलेलं ब्रॅकेट कापून नवीन लावलं. वेल्डिंगआधी बॅटरीच्या वायरी काढायला ते विसरले नाहीत. ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) जळाला की सगळ्या दुरुस्तीपेक्षा तोच महाग पडतो.

वाकलेला आर्म तापवून सरळ करून देणारे भेटतात. मी नाही म्हटलं. स्टिअरिंग आणि चाक ज्याच्यावर लटकतं तो भाग एकदा वाकला की बदलायचा, यात मला घासाघीस मान्य नाही. आर्मबरोबर बॉल जॉइंट आणि स्टिअरिंगला चाकाशी जोडणाऱ्या टायरॉडचं टोकही नवं घातलं. चाकाला ताकद पोचवणाऱ्या ड्राइव्ह शाफ्टचं रबरी बूट फाटून ग्रीस चाकाच्या आतल्या बाजूला उडालं होतं, पण जॉइंटमध्ये अजून रेती गेली नव्हती. धुऊन, नवं ग्रीस भरून, नवं बूट चढवलं.

एक गोष्ट मी तिथे उभा राहून बघितली. आर्मच्या बुशचे (सांध्यातल्या रबराचे) बोल्ट मिस्त्रींनी गाडी जॅकवर असताना हातापुरतेच आवळले. शेवटचा टॉर्क, म्हणजे ठरलेल्या जोराची आवळणी, गाडी चाकांवर उतरवून दिला. चाक लोंबकळत असताना बोल्ट पूर्ण आवळला तर गाडी खाली येताच रबर पिळलं जातं, कायम त्याच ताणात राहतं आणि लवकर फाटतं.

मागचा घोळ पाट्यांचा, म्हणजे स्प्रिंगच्या लोखंडी पट्ट्यांचा, निघाला. पाटे एकत्र धरणारा सेंटर बोल्ट तुटून एका बाजूचा अ‍ॅक्सल मागे सरकला होता. गाडी तिरकी चालायचं खरं कारण ते. बोल्ट बदलला, अ‍ॅक्सल जागेवर आणला, यू-बोल्ट नवे घातले. जुने यू-बोल्ट पुन्हा वापरू नयेत, कारण एकदा आवळले की ते ताणलेले असतात. मागच्या अ‍ॅक्सलमधल्या डिफरन्शियलचं (दोन्ही चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरच्या पेटीचं) तेल काढलं तर दुधाळ आलं, म्हणजे पाणी शिरलेलं. तापलेलं डिफ थंड पाण्यात बुडालं की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून (हवा जायच्या भोकातून) किंवा सीलमधून पाणी ओढलं जातं. तेल बदलून ब्रीदरला लांब नळी जोडली आणि ती वर नेऊन बांधली. इतकं स्वस्त मॉडिफिकेशन दुसरं नसेल.

मग हौसेची पाळी. लिफ्ट 40 मिलिमीटरवर थांबवली. पुढे स्वतंत्र सस्पेन्शन असलेल्या गाडीला फार उचललं की ड्राइव्ह शाफ्टचे कोन वाढतात, बूट घासून फाटतात. कॅस्टर (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे कललेला कोन) कमी झाला की वळणानंतर स्टिअरिंग आपण होऊन सरळ यायला कुरकुरतं. टायर 265/65 आर 17 वरून 265/70 आर 17 केले. व्यास सुमारे 776 वरून 803 मिलिमीटर झाला, म्हणजे स्पीडोमीटर आधी अचूक असेल तर 100 दाखवताना गाडी 103 च्या पुढे असते.

खरा पैसा मी पोटाखाली घातला. पुढे इंजिनखाली स्टीलची स्किड प्लेट आणि दोन्ही बाजूंना दरवाजांखाली रॉक स्लायडर, म्हणजे दगडापासून वाचवणारे दांडे. अ‍ॅल्युमिनियम हलकं असतं, पण दगडावर ते ओरबाडून अडतं. स्टील घसरून पुढे जातं. स्लायडर चासीलाच बोल्ट केलेले हवेत. पत्र्याला लावलेला दिसायला तसाच असतो, पण त्यावर गाडी टेकली तर दरवाजाखालचा पत्रा आत जातो. प्लेटला ऑइल काढायला भोक आहे ना, हे आधी बघून घ्या. आणि हे सगळं लोखंड हौद्यात भरायच्या मालाच्या वजनातून वजा होतं, हे दुकानदार सहसा सांगत नाही.

सगळ्यात शेवटी अलाइनमेंट केली. स्टिअरिंग सरळ झालं, मग हेडलाइटचा झोतही खाली घेतला, कारण पुढून उचललेली गाडी समोरच्याच्या डोळ्यांत उजेड मारते. काही शे किलोमीटर चालवून यू-बोल्ट पुन्हा टॉर्कने तपासले, आणि डावीकडचे दोन थोडे फिरलेच. मागच्या बंपरचा पोचा अजून तसाच आहे. तो काढायची मला घाई नाही.