नाव नको, खातं शोधा: फुकटात माहितीपट पाहण्याबद्दल

यूट्यूबवर माहितीपटाचं नाव टाकून पुढे 'फुल मूव्ही' लिहिलं, की चोरीच्या प्रतीही वर येतात. त्या ओळखायला अवघड नसतात. चौकट आक्रसलेली, भोवती रंगीत पट्टी, चित्र आरशातल्यासारखं उलटं, निवेदकाचा आवाज चिरका. यूट्यूबच्या तपासणीत सापडू नये म्हणून केलेले हे उद्योग. वर्णनात टेलिग्रामची लिंक दिसली तर पुढे पाहायचंच नाही.

कापसाचं बियाणं घेताना आपण पाकिटावर कंपनी न् लॉट नंबर पाहतो, तसं इथं आधी खातं (चॅनल) पाहावं. चित्रपट कोणी बनवला ते शोधा, मग त्यांच्या खात्यावर किंवा संकेतस्थळावर जा. नाव इंग्रजी अक्षरांत टाइप केलेलं बरं, देवनागरीत निकाल फार कमी येतात.

सुरुवात फिल्म्स डिव्हिजनपासून करा. 1948 पासूनचं हे सरकारी काम, 2022 मध्ये एनएफडीसीत, म्हणजे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झालं. यूट्यूबवर बरंच काही आहे. मराठी निवेदनाच्या प्रती मात्र कमीच सापडतात, हिंदी-इंग्रजी जास्त. त्यानंतर पब्लिक सर्व्हिस ब्रॉडकास्टिंग ट्रस्ट, म्हणजे पीएसबीटी: पूर्ण लांबीचे भारतीय माहितीपट, विषय शेतीपासून तुरुंगापर्यंत. पत्रकार पी. साईनाथ यांनी 2014 मध्ये सुरू केलेल्या 'पारी' या ग्रामीण भारतावरच्या संकेतस्थळावर छोटे चित्रपट आहेत, आणि त्यात विदर्भही भेटतो. परदेशी हवं असेल तर जर्मनीच्या डीडब्ल्यू या प्रसारण संस्थेचं माहितीपटांचं खातं (हिंदीतही आहे), कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डाचं संकेतस्थळ आणि अवकाशासाठी नासा प्लस. नासा प्लसवर जाहिरातीही नाहीत.

'तुमच्या देशात उपलब्ध नाही' असं आलं तर फोन बिघडलेला नाही. हक्क देशागणिक विकले जातात, म्हणून तसं होतं. व्हीपीएन (दुसऱ्या देशातून पाहतोय असं भासवणारं अ‍ॅप) लावून ते ओलांडलं की कायदेशीर पाहण्याचा मुद्दाच उरत नाही.

जुन्या चित्रपटांचं गणित सोपं आहे. भारतात चित्रपटाचा स्वामित्वहक्क प्रदर्शनानंतरच्या वर्षापासून 60 वर्षं टिकतो. 1960 चा चित्रपट 1 जानेवारी 2021 पासून सर्वांसाठी मोकळा.

आता खरी अडचण, डेटा. 360पीला (कमी स्पष्ट चित्र) तासाला साधारण 300 एमबी लागतात, 720पीला (जास्त स्पष्ट) एक जीबीच्या वर. रोजच्या दीड जीबीत दीड तासाचा चित्रपट 720पीवर पाहायला गेलात तर शेवटची वीस मिनिटं उद्यावर जातात. व्हिडिओच्या गिअरमध्ये 'क्वालिटी', मग 'अ‍ॅडव्हान्स्ड', तिथं 360पी निवडा. ही निवड त्याच व्हिडिओपुरती असते, पुढच्याला पुन्हा करावी लागते. कायमची हवी तर सेटिंगमध्ये मोबाईल नेटवर्कसाठी 'डेटा सेव्हर' ठेवा. काही रिचार्जमध्ये रात्री डेटा मोकळा असतो. तेव्हा अ‍ॅपमधलं 'डाउनलोड' दाबून ठेवा. पण प्रत्येक व्हिडिओला ते चालत नाही, आणि मधूनमधून फोन नेटला जोडला नाही तर उतरवलेलं उघडत नाही. टॉवर नसलेल्या शेतावर मुक्कामाला जाणाऱ्यांनी हे आधीच धरून चालावं.

इंग्रजी जड जात असेल तर सबटायटलमध्ये 'ऑटो-ट्रान्सलेट' करून मराठी निवडा. अ‍ॅपमध्ये पर्याय नसेल तर क्रोममध्ये 'डेस्कटॉप साइट' करून पाहा. आकडे आणि नावं त्यात हमखास चुकतात, तेवढी मूळ आवाजावरून पडताळा.

जिल्हा परिषदेच्या शाळेत प्रोजेक्टरवर दाखवायचं असेल तर स्वामित्वहक्क कायद्याचं कलम 52 तशी मुभा देतं, मात्र प्रेक्षक विद्यार्थी, शिक्षक, पालक आणि शाळेशी थेट संबंधित लोक एवढेच हवेत. चौकात पडदा लावून अख्ख्या गावाला दाखवायचं तर निर्मात्याची परवानगी घ्या. पत्र पाठवताना तारीख, ठिकाण आणि प्रवेश मोफत असल्याचं लिहा. माहितीपटवाले बरेचदा हो म्हणतात.